पीयूसी नापास झाली म्हणून सेन्सर बदलू नकोस, आधी वायर बघ

अगं, गॅरेजवाल्याने ‘कन्व्हर्टर गेला’ म्हणून एवढा मोठा आकडा सांगितला आणि तू लगेच हप्त्यांचं गणित मांडायला बसलीस. थांब जरा. पैसे कुठे जायचे ते नंतर ठरवू, आधी ती नापासाची पावती हातात घे. लोक नुसतं ‘नापास’ वाचतात आणि पावती डॅशबोर्डवर टाकून देतात. खरं निदान तिथूनच सुरू होतं.

तुझी गाडी बीएस-4 पेट्रोल. तिला नुसत्या आयडलवर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतं. मग इंजिन 2500 आरपीएमच्या आसपास धरून पुन्हा मोजतात. तिथे कार्बन मोनॉक्साइड 0.2 च्या आत आणि लॅम्डा 0.97 ते 1.03 मध्ये हवा. तू फोटो पाठवलास त्यात कार्बन मोनॉक्साइड 1.6 आहे आणि लॅम्डा 0.95. लॅम्डा एकच्या खाली म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त पडतंय. कन्व्हर्टर हा धूर साफ करणारा शेवटचा डबा, तो पेट्रोल पाडत नाही. मग तो बदलून काय होणार? नवा डबासुद्धा तेच जास्तीचं पेट्रोल पचवता पचवता लवकर मरेल.

उलट हायड्रोकार्बन खूप वर, ऑक्सिजनही वर आणि कार्बन मोनॉक्साइड बेताचं असं दिसलं असतं, तर मी म्हटलं असतं गाडी मिसिंग मारतेय: प्लग बघ, इग्निशन कॉइल बघ, इंजेक्टरचं कपलर बघ. न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर येतं तेव्हा पावतीवर असे आकडे येतात. तुझं तसं नाही. तुझ्या इंजिनाला कुणीतरी चुकीची खबर देतंय आणि ते बिचारं त्या खबरीवर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतंय.

खबर देणारे मुख्य दोघं. पहिला कूलंटचा तापमान सेन्सर. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घोटीत राहणाऱ्याच्या गाडीत माझा पहिला संशय याच्यावरच जातो. सेन्सर साधा असतो: थंड असताना त्याचा रोध जास्त, म्हणजे दोन-तीन हजार ओहम, आणि इंजिन तापलं की तो तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हा रोध वाचून ठरवतो की इंजिन थंड आहे की गरम. आता आपल्याकडचा पाऊस आठव. जूनपासून चार महिने ओल सुटत नाही, महामार्गावर ट्रकचं पाणी थेट बोनेटखाली उडतं. कपलरचं रबर एकदा कडक झालं की पाणी आत शिरतं आणि पितळी पिनवर हिरवी भुकटी धरते. त्या भुकटीचाही रोध असतो. तो सेन्सरच्या रोधात मिळतो आणि ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे. गार इंजिनाला पेट्रोल जास्त द्यायचं, हा त्याचा नियम. मग तू कसारा घाट चढून आलीस तरी तो पेट्रोल ओततच राहतो. सेन्सर चांगला, ईसीयू चांगला, कन्व्हर्टर चांगला, आणि गाडी नापास.

हे तपासायला तुला मेकॅनिकसुद्धा लागत नाही. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल न मारता फक्त चावी ऑन कर आणि फोनवर कूलंटचं तापमान बघ. बाहेर 24 अंश असेल तर तिथेही साधारण तेवढंच दिसायला हवं. 5 दिसलं, उणे काही दिसलं, तर चोर सापडला. मग गाडी सुरू करून ठेव; आकडा सरळ चढत ऐंशी-नव्वदपर्यंत गेला पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर कपलर हाताने हलवून बघ, पण पंख्यापासून हात आणि ओढणी लांब ठेव. ओढणी आधी काढूनच ठेव, मी हट्टाने सांगतेय.

दुसरा खबऱ्या ऑक्सिजन सेन्सर, सायलेन्सरच्या वाटेवर, कन्व्हर्टरच्या आधी. तो तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. हीटरचा फ्यूज उडाला किंवा त्याची वायर तुटली तर सेन्सर मुका राहतो आणि ईसीयू अंदाजाने पेट्रोल देतो. स्कॅनरवर पी0135 हा बिघाडाचा कोड आला तर तो याच हीटरच्या सर्किटबद्दल बोलतोय. ‘सर्किट’ म्हणजे फ्यूज, वायर, कपलर, अर्थिंग आणि मग सेन्सर. आपल्याकडे मात्र कोड आला की थेट सेन्सरचं बिल फाटतं. इंजिन तापल्यावर या सेन्सरचं व्होल्टेज 0.1 ते 0.9 च्या मध्ये सतत खालीवर नाचायला हवं. नाचत असेल तर त्याला हात लावू नकोस.

आणि उंदीर! तुमच्या भागात भाताच्या गिरण्या, घरोघरी भाताची पोती, आणि थंडीत गरम बोनेट. वायरचं आवरण कुरतडून तांबं उघडं पडलेलं असतं आणि वरून मात्र काहीच दिसत नाही. टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागची बाजू, बॅटरीखालची जागा बघ. लेंड्या दिसल्या की समज.

या सगळ्याच्या आधी मात्र बॅटरी आणि अर्थिंग. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लाव, आणि कुणाला तरी सेल मारायला सांग. 0.2 व्होल्टच्या फार वर गेलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. ती काढून पॉलिश पेपरने घासायची, घट्ट बसवायची. अर्थिंग खराब असली की सगळेच सेन्सर एकदम खोटं बोलायला लागतात आणि वेगवेगळे चार कोड येतात. चार भाग बिघडले असं वाटतं, आणि बिघडलेली असते एक पट्टी.

वायरमनकडे गेलीस तर एवढं बघ: ईसीयूच्या वायरींना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू देऊ नकोस. तो जास्त करंट ओढतो, आतलं सर्किट जळू शकतं. मल्टिमीटरच लावायला सांग. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना तू स्वतः अजिबात हात लावू नकोस.

आता मनातलं एक सांगते. तुला कुणीतरी म्हणेलच, ‘मॅडम, दिवा बंद करून देतो, पीयूसी पण मिळवून देतो.’ आपल्याकडे पीयूसी केंद्रात नळी लावून फक्त धूर मोजतात, डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिन दिवा तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत तो दिवा पेटलेला असला की तेवढ्यावरच गाडी नापास होते. म्हणूनच इथे त्या दिव्याची जबाबदारी तुझ्यावर येते. एप्रिल 2013 नंतरच्या आपल्या गाड्यांत ओबीडी-2, म्हणजे बिघाड ओळखून दिवा लावणारी यंत्रणा, त्यासाठीच बसवलंय. कोड पुसला की दिवा विझतो, बिघाड जागेवर राहतो. दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घे. इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतंय. तेव्हा मात्र कन्व्हर्टर खरंच जाईल.

सेटिंगची पावती घेऊन दंड टळेल, मान्य. मोटार वाहन कायद्यातल्या कलम 190(2) प्रमाणे दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून लोक घाबरून तसं करतात. पण तुझी गाडी रोज शाळेच्या फाटकापाशी उभी असते. 1.6 टक्के कार्बन मोनॉक्साइड तिथल्या पोरांच्या नाकाच्या उंचीवर सुटतं. आणि घरी पावसात शटर ओढून गाडी आत चालू ठेवायची सवय तर आजपासून बंद. त्या वायूला वास नसतो, कळायच्या आत माणूस जातो.

कपलर उघडशील तेव्हा आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, कॉन्टॅक्ट क्लीनर मार, मऊ ब्रशने पिन साफ कर, सुकू दे. रबर फाटलं असेल तर कपलर नवीन टाक, ते स्वस्त असतं. मग इगतपुरीपर्यंत एक चक्कर मारून ये, म्हणजे कन्व्हर्टर तापेल, आणि इंजिन बंद न करता तशीच पीयूसीला लाव. थंड गाडी नेऊन विनाकारण नापास होतात लोक. आकडे आले की मला फोटो पाठव. लॅम्डा अजूनही एकच्या खाली राहिला तर आपण इंजेक्टर आणि पेट्रोलचं प्रेशर बघू, पण गॅरेजवाल्याला तोवर एक रुपयाही आगाऊ देऊ नकोस.