घरशब्द आणि कोशातले शब्द



प्रत्येक घरात दोन-चार शब्द असे असतात की ते उंबऱ्याबाहेर कोणालाच कळत नाहीत. त्यांना मी 'घरशब्द' म्हणतो. आमच्या घरातले दोन सांगतो.

१) पुन्हाक – ताटात दुसऱ्यांदा घेतलेली खिचडी. हा शब्द धाकट्या बहिणीने काढला. आता बाबासुद्धा "थोडी पुन्हाक वाढ" म्हणतात.

२) वाटकान – येणाऱ्या माणसाच्या चाहुलीकडे लागलेला कान. हा आजीचा शब्द. बाबा ट्रक घेऊन सुरतला जातात, त्या रात्री आजी अंथरुणावर पडते. पण तिचा वाटकान रस्त्याकडेच असतो.

आपण 'वाट पाहणे' म्हणतो. पण अंधारात वाट दिसत नाही, ती ऐकावी लागते. म्हणून 'वाटकान' हा शब्द कोशात असावा असे मला फार वाटते.

एक फरक ध्यानात ठेवा. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी) हे घरशब्द नव्हेत. ते आपल्या अहिराणीचे शब्द आहेत. कोणी हसले तरी ते बोलायला लाजू नका.

मग नवा शब्द खरा केव्हा होतो? १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या काळात त्यांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सरनोबताचा 'सेनापती' झाला, तो रुजला. पेशव्याला 'पंतप्रधान' म्हटले, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. पुढे सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' असे शब्द सुचवले. फळ्यावर आपण रोज 'दिनांक' लिहितो, घरी मात्र "आज तारीख काय?" असेच विचारतो.

म्हणजे शब्द राजाने काढलेला असो की आजीने, तो चार तोंडी गेला तरच जगतो.

आणि तो टिपूनही ठेवावा लागतो. शब्दांची मुळे शोधणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आपल्या धुळ्यालाच राहिले व १९२६ साली तिथेच वारले. घरातले म्हातारे माणूस गेले, की त्याचे शब्दही जातात. ते आधीच विचारून घ्या.

उपक्रम : खाली कोरा कागद लावला आहे. आपला एक घरशब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणी काढला, एवढे लिहा. पालकांनीही लिहावे. लिहिता येत नसेल तर नुसते सांगा, आम्ही लिहून घेऊ.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी