लिंबाच्या पानावरील रुपेरी रेघ

परसातल्या कागदी लिंबाची कोवळी पालवी निरखून पाहिली, तर पुष्कळदा पानावर गोगलगाय फिरून गेल्यासारखी चकचकीत नागमोडी रेघ आढळते. गोगलगायीचा येथे काही संबंध नाही. ही रेघ पानावर नसून पानाच्या आत आहे, व ती एका पतंगाच्या अळीने कोरलेली असते. शेतकरी तिला नागअळी किंवा पाने पोखरणारी अळी म्हणतात. शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेन्टन याने १८५६ साली तिचे प्रथम वर्णन केले, ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून.

पतंग पंख पसरूनही जेमतेम ४ मिलिमीटर भरतो. रुपेरी पांढरे पंख, आणि प्रत्येक पुढच्या पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. दिवसा तो पानाखाली दडून असतो, म्हणून सहसा दिसत नाही. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. अळी अंड्यातून निघते ती थेट पानात शिरते. तिला पाय नसतात, शरीर चपटे. बाह्यत्वचेच्या पेशी कापून ती रस पिते. वर राहिलेल्या पातळ पापुद्र्याखाली हवा शिरते, त्यामुळे वाट रुपेरी दिसते. मधली काळसर रेषा म्हणजे तिची विष्ठा! शेवटच्या अवस्थेत ती खाणे सोडते, रेशमाने पानाची कड दुमडते व आत कोष करते. जून पान तिला चालत नाही.

मोठ्या झाडाचे यात फारसे बिघडत नाही. रोपवाटिकेतील रोपांची मात्र वाढ खुंटते. खरा धोका निराळाच. फाटलेल्या पापुद्र्यातून पावसाच्या पाण्याबरोबर खैऱ्या रोगाचे जंतू आत शिरतात. फ्लोरिडात ही अळी १९९३ साली पोहोचली आणि १९९५ साली मायामीजवळ खैऱ्या आढळला. रोग काही अळीने आणला नव्हता, पण जखमा तयार होत्या.

रेघ दिसताच औषध फवारणे ही आपली सवय. परंतु अळी पापुद्र्याखाली बव्हंशी सुरक्षित असते, आणि तिला मारणाऱ्या सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या मात्र बाहेर मरतात. फ्लोरिडात १९९४ साली अशीच एक माशी, एजेनिअ‍ॅस्पिस सिट्रिकोला, मुद्दाम आणून सोडावी लागली. शिवाय भर पावसाळ्यात छाटणी करून, वर युरिया देऊन, पालवीचे ताट अळीपुढे आपणच वाढतो!

जिज्ञासूंनी असे एखादे पान उजेडासमोर धरून भिंगाने पाहावे. रेघेच्या रुंद टोकाशी पिवळसर अळी हलताना दिसली, तर पोखरण अजून चालू आहे असे समजावे.