घरांतील विजेची आग : तिचीं कारणें व ती टाळण्याचे उपाय

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जळालेल्या घरांच्या पंचनाम्यांच्या नकला करण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे पुष्कळ वेळां आलें. आगीचें कारण म्हणून त्यांत बहुधा एकच शब्द असे : ‘शॉर्टसर्किट’. तो लिहून आम्ही मोकळे होत असूं. त्याचा अर्थ काय, हें कोणी विचारिलें नाहीं. पुढें हा विचार करण्याची पाळी माझ्या स्वतःच्याच घरीं आली. त्या प्रसंगानें जें शिकविलें, तें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तार कां तापते

तारेंतून वीज वाहूं लागली कीं तार थोडीबहुत तापतेच. या उष्णतेचा नियम जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट होते. सारें मर्म येथेंच आहे.

आपल्या घरीं २३० व्होल्ट दाबाची वीज येते. उपकरणावर छापलेल्या वॅटांच्या आंकड्यास २३० नें भागिलें म्हणजे प्रवाह किती अँपिअर, हें कळतें. समजा, एकाच बोर्डावर १५०० वॅटची पाणी तापविण्याची कांडी, २००० वॅटची शेगडी व १००० वॅटची इस्त्री लाविली. बेरीज ४५०० वॅट, म्हणजे सुमारें १९॥ अँपिअर. दिव्यापंख्यांसाठीं टाकलेल्या १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेवर १० अँपिअरांच्या फारसें वर जाऊं नये. येथें प्रवाह जवळजवळ दुप्पट, म्हणून उष्णता चौपट! तारेवरील साधें पीव्हीसीचें आवरण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठीं केलेलें असतें. त्यापुढें तें मऊ पडतें, कडक होऊन तडकतें आणि शेवटीं जळतें.

माझ्या हातून झालेली चूक

चार वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरांतील फ्यूज दोनदां उडाला. कांडी व शेगडी हीं दोन्ही दिव्यांच्या तारेवर चालत होतीं. तिसऱ्या खेपेस मीं तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून फ्यूजमध्यें बसविले. फ्यूज पुन्हा उडाला नाहीं, आणि मी आपल्या हुषारीवर खूष झालों. आठव्या दिवशीं पहाटे माळ्यावर कडब्याखालीं असलेला चिकटपट्टीचा सांधा तापून पेटला. माळ्याखालीं निजलेल्या नातवास घरच्या मंडळींनीं धुरांतून बाहेर काढिलें. गाय वांचली, पण बियाण्यासाठीं राखलेली ज्वारी व कडबा सर्व गेलें. त्या पंचनाम्यांतही ‘शॉर्टसर्किट’ असेंच कारण लिहिलें गेलें. मीं त्यावर सही केली. खरें कारण मी होतों.

फ्यूज हा राखणदार आहे. तो वारंवार उडतो, याचा अर्थ तो वाईट आहे असा नसून तारेवर भार फार झाला, अथवा कोठें तरी दोष आहे, असा आहे. राखणदार भुंकतो म्हणून त्याचें तोंड बांधणारा घरधनी चोराचेंच काम करितो.

उपाय

१. दिव्यांच्या तारेवर कांडी, शेगडी अगर घरघंटी लावूं नये. अशा उपकरणांसाठीं मुख्य फळ्यापासून २॥ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार व १६ अँपिअरचा सॉकेट घ्यावा. तार आयएसआय चिन्हाचीच असावी.

२. फ्यूजऐवजीं एमसीबी बसवावा. दिव्यांस ६ व मोठ्या सॉकेटास १६ अँपिअरचा. तो पडतो म्हणून अधिक अँपिअरचा बसविणें ही माझ्याच चुकीची दुसरी आवृत्ति होय.

३. वीज गळून जमिनीकडे जाऊं लागल्यास पुरवठा तोडणारा आरसीसीबी घ्यावा. मनुष्याच्या रक्षणार्थ तो ३० मिलिअँपिअरचा असावा. त्याचें चांचणीचें बटण दर महिन्यास एकदां दाबून पहावें.

४. सांध्यांकडे विशेष लक्ष द्यावें. सैल सांध्याशीं प्रवाह न वाढतांच तार तापते व ठिणग्या उडतात. त्यामुळें एमसीबी किंवा आरसीसीबी दोन्ही स्वस्थ बसतात. येथें आपली नजर हाच राखणदार. सांधा पेटीच्या आंत, स्क्रूनें घट्ट आंवळलेला असावा. तांबें व ॲल्युमिनिअम यांच्या तारा एकमेकींस पिळूं नयेत.

५. धान्याच्या पोत्यांमागें उंदीर येतात व तारांचें आवरण कुरतडतात. म्हणून तारा नळींतूनच न्याव्या. मीटर व फळ्याजवळ कडबा, गोणपाट किंवा रॉकेल ठेवूं नये.

६. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडतो. त्यांत पाणी घालीत जावें.

प्लग हातास गरम लागणें, सॉकेट काळा पडणें, दिवे फडफडणें, जळकट वास येणें, हीं आगीचीं पूर्वचिन्हें आहेत. यांपैकीं एकही दिसतांच त्या भागाची वीज बंद करून परवानाधारक वायरमन बोलवावा.

आग लागल्यास

प्रथम माणसें बाहेर काढावीं. हात पोहोंचत असेल तर मुख्य स्विच बंद करावा. वीज चालूं असतां पाणी कदापि मारूं नये. लहान आगीवर कोरडी वाळू टाकावी किंवा कोरड्या भुकटीचें अग्निशामक यंत्र चालवावें. आग आटोक्याबाहेर गेल्यास बाहेर पडून १०१ अगर ११२ या क्रमांकावर कळवावें. सामानासाठीं पुन्हा आंत शिरूं नये.

वाचकांस शेवटीं एकच विनंती. हा अंक खालीं ठेवल्यावर आपल्या घरचा फ्यूज उघडून पहावा, आणि माळ्यावरील कडबा बाजूस सारून त्याखालून एखादी तार गेली आहे कीं काय तें तपासावें. पंचनाम्याचा तो रकाना भरण्याची वेळ कोणावरही न येवो.