शेवटी लग्न होतं, पण कुणाचं काय जातं?

भेट, गैरसमज, विरह, लग्न. दोन-तीन प्रेमकादंबऱ्या वाचल्या की पुढचं पान उलटण्याआधीच कळतं आणि वाचक हिरमुसतो. मग दोष कुणाचा? ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कादंबरीच्या तंत्राची चर्चा केली. तंत्र वाईट नव्हेच. पण नुसतं तंत्र उचललं की हाती साचा उरतो.

आता आपल्या उणकलपासून फार लांब नसलेल्या बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पाहा. अनेक अभ्यासक तिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. तिचाही शेवट नायिकेच्या लग्नानेच होतो. पण यमुना विधवा आहे. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झालेला. कायद्याने वाट दिली, तरी समाजाने कुठे दिली होती? त्यातली प्रवचनं लांबतात, हे आम्ही ख्रिस्ती वाचकही कबूल करतो. तरी ते लग्न फुकटचं वाटत नाही.

म्हणून पुढची प्रेमकादंबरी वाचताना शेवट गोड आहे का, हे बघू नका. त्या गोडव्याची किंमत कुणी मोजली, ते विचारा. कुणीच नाही? मग पुस्तक खुशाल मिटा.