अवयव प्रत्यारोपणोत्तर प्रवास : एक दुर्लक्षित खर्च

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ हा संसदेने राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ अन्वये, महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांच्या ठरावांनंतर संमत केला. परीक्षेत बहुधा एवढेच विचारले जाते. परंतु प्रत्यारोपित अवयव टिकतो तो पुढील नियमित औषधोपचार व तपासण्यांमुळे, आणि त्यासाठी रुग्णाला प्रवास चुकत नाही.

बंगळूर ग्रामीण जिल्ह्यातील होसकोटे या तालुक्याच्या गावाचेच उदाहरण घेऊ. बंगळूर येथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. तेथील व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात मूत्रपिंडविकारांची शासकीय संस्था आहे. अंतर अल्प वाटते. तथापि टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी सकाळची मात्रा घेण्यापूर्वीच मोजावी लागते. म्हणून मात्रा सोबत घेऊन पहाटेच निघावे आणि रक्त दिल्यानंतर ती घ्यावी. दोन मात्रांत साधारणतः १२ तासांचे अंतर अपेक्षित असल्याने वाहतूककोंडी ही येथे केवळ गैरसोय राहत नाही. गर्दीच्या बसमध्ये मुखपट्टी व घरचे उकळलेले पाणी आवश्यक. शेजारच्या देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. मात्र या वर्गातील फळांमुळे औषधाची पातळी वाढू शकते, म्हणून ती वर्ज्य समजावीत.

लांबच्या प्रवासात औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीतच ठेवावीत. काही दिवसांचा जादा साठा असावा. संसर्गाचा धोका अधिक असलेल्या देशांचा प्रवास पहिले वर्षभर टाळणे इष्ट. पीतज्वराची लस जिवंत विषाणूंची असल्याने अशा रुग्णांना ती दिली जात नाही.

आता धोरणाकडे वळू. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या औषधांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. प्रवासाचे काय? दूरच्या जिल्ह्यांतून रेल्वेने येणाऱ्या कर्करोग्यांना नियतकालिक तपासणीसाठीही भाडेसवलत मिळते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मात्र नियमातील शब्द ‘प्रत्यारोपण शस्त्रक्रिया अथवा डायलिसिस’ असे आहेत. शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात ही सवलत ७५ टक्के आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे तपासणी चुकून मूत्रपिंड निकामी झाले, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाणारा तोच रुग्ण सवलतीस पुन्हा पात्र ठरतो.