टिपाडातला डास

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकात पावसाळ्यात दोन-चार घरी ताप निघाला, की कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, हवाच खराब हाय." सर्दी, फ्लू, गोवर, क्षय हे हवेतून पसरतात, हे खरं. डेंग्यूचं मात्र तसं नाही. तो आजाऱ्याजवळ बसल्यानं होत नाही, त्याच्या ताटात जेवल्यानंही नाही. त्याला एडिस डास लागतो. हा डास दिवसा चावतो आणि जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्या किंवा शेजाऱ्याच्याच घरचा असतो.

नळाला रोज पाणी नसतं, टँकरची वाट बघावी लागते, म्हणून आपल्याकडे दारोदारी टिपाडं भरलेली. पाणी साठवू नका, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टिपाडाच्या भिंतीला चिकटवून. टिपाड कोरडं पडलं तरी ती महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि पाणी चढलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही. आठवड्यातून एकदा पाणी जाड फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढा, टिपाड आतून काथ्यानं खसाखसा घासा, तेच पाणी परत ओता आणि वर कापड घट्ट बांधा. थेंब वाया जात नाही.

महामार्गावरच्या पंक्चरवाल्यांनाही एक विनंती. जुने टायर उघड्यावर रचू नका. टायरात साचलेलं वाटीभर पाणी या डासांना पुरतं. 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला एडिसचीच एक जात जुन्या टायरांतून पोचल्याचं मानतात. धुरळणीनं उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही. तरी गावात धुरळणीचीच मागणी जास्त, कारण ती दिसते!

टिपाडाचा धोका डासापुरताच नाही. त्याच टिपाडात हात बुडवून पेला भरला, की जुलाब, टायफॉइड, कावीळ. पाणी काढायला लांब दांड्याचं वगराळं ठेवा. पिण्याचं पाणी उकळा, किंवा त्यात क्लोरीनचं औषध मेडिक्लोर टाकून अर्धा तास थांबा. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहा. पोराचं दूध बंद करू नका.

ऊसतोडीला निघणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयासाठी कोपीवर जाण्याआधी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि क्षयाची औषधं दुसऱ्या जिल्ह्यातही मिळतात.

आता परत डेंग्यूकडे. त्याच्या तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. "एक सुई मारा" असा हट्ट धरू नका. डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, ब्रुफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रक्तातल्या प्लेटलेट पेशी किती, याचीच सगळ्यांना काळजी. पण खरा धोका ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत असतो. तेव्हा पोट सारखं दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि रात्रीच बीडचं जिल्हा रुग्णालय गाठा.