पामच्या कुंडीवर कीड? आधी पान उलटं करून पाहा



आमच्या शाळेत ऑफिसच्या दाराशी एरिका पामच्या दोन कुंड्या आहेत. मागच्या मार्चमध्ये त्यांची पानं फिकट, धुळकट दिसायला लागली. ऊन वाढलंय, पाणी कमी पडत असेल, म्हणून आम्ही पाणी वाढवलं. पानं आणखीच उतरली. मग एका पालकांनी शेतात वापरून उरलेलं कीटकनाशक आणून फवारलं. त्या दिवशी मुलांना व्हरांड्यातून लांब ठेवता ठेवता आमची दमछाक झाली, आणि पंधरा दिवसांनी पाम होता त्याहून वाईट दिसू लागला. तेव्हा कुठे मी चौथीच्या मुलांना घेऊन कुंडीजवळ बसले आणि पान उलटं करून पाहिलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तुम्हीही करून पाहा. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर बारीक ठिपके पडतील. धूळ असेल तर ती पडल्या जागी राहील. ठिपके हळूहळू चालायला लागले, तर तो लाल कोळी. आकाराने जेमतेम अर्धा मिलिमीटर. मुलांनी भिंगातून पाय मोजले, तर आठ! कीटकांना सहा पाय असतात हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे वर्गात चांगलाच वाद झाला. पण मुलांचं मोजणं बरोबर होतं. लाल कोळी हा कीटक नाहीच, तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. म्हणूनच कीटकांसाठी बनवलेली बरीच औषधं त्याला फारशी लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे बारीक मित्रकीटक मरतात आणि कोळ्याला रान मोकळं मिळतं. आमच्या पामचं बहुधा हेच झालं होतं.

हा कोळी पानातला रस शोषतो, त्यामुळे पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडतात. कीड वाढली की पात्यांमध्ये बारीक जाळीही दिसते. त्याला गरम, कोरडी हवा मानवते. अशा हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आम्ही पाणी मुळाशी ओतत होतो, ते खरं तर पानांना हवं होतं!

पामवर आणखी दोन किडी नेहमी सापडतात. पान जिथे खोडाला मिळतं त्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. पानाच्या मधल्या शिरेवर किंवा देठावर तपकिरी, चपटे फोड चिकटलेले दिसले, तर खवले कीड. ती एका जागी बसून रस पिते, म्हणून जिवंत वाटतच नाही. नखाने खरवडा; सुटून आली तर कीड. इथे एक गंमत आहे बरं का. एरिका पामच्या देठावर मुळातच काळपट ठिपके असतात, ते खरवडून निघत नाहीत. त्यांना कीड समजून उगाच फवारणी करू नका. तसंच, पानांची नुसती टोकं करपली असतील किंवा सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडलं असेल, तर तेवढ्यावरून कीड समजू नका. टोकं बहुतेक वेळा क्षारांच्या पाण्याने नाहीतर कोरडेपणाने करपतात, आणि खालचं पान म्हातारं होऊन जातं.

पिठ्या ढेकूण आणि काही खवले किडी चिकट, गोड स्राव सोडतात. त्यासाठी मुंग्या येतात, मागोमाग काळी बुरशीही धरते. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली, तर ती कुठे जाते ते मुलांना शोधायला सांगा. चांगला उपक्रम होतो.

आता उपाय. आधी कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब न्या. लाल कोळी असेल तर पानं खालच्या बाजूने पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. अर्धं काम तिथेच होतं. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड थोडी असेल, तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढा. हे काम मोठ्यांनीच करायचं, जवळपास ज्योत नको. त्यानंतर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिली द्रव साबण घालून फवारा. तेल आणि पाणी मिसळत नाही, ती सोयरीक साबण जुळवतो; पाचवीला विज्ञान शिकवत असाल तर हा प्रयोग आयता मिळाला. मिश्रण त्या दिवशीचं त्या दिवशी वापरा. आधी एकाच पानावर मारून एक दिवस थांबा. मग संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, दर सात दिवसांनी निदान तीन वेळा फवारा. अंडी एका फवारणीत मरत नाहीत, आठवड्याने त्यातून नवी पिल्लं निघतात.

साबणाबाबत माझी चूक सांगते. पहिल्यांदा मी भांड्याचा साबण अंदाजाने, चांगला सढळ हाताने ओतला आणि मधल्या सुट्टीत, भर उन्हात फवारलं. दुसऱ्या दिवशी चार पानं करपली. ते किडीनं नव्हे, माझ्या हातानं झालं.

एक गोष्ट जरूर जपा. पिठ्या ढेकणांमध्ये एखादा पांढरा, झालरीवाला किडा थोडा मोठा आणि भराभर चालणारा दिसला, तर त्याला चिरडू नका. तो क्रिप्टोलीमस नावाच्या भुंग्याची अळी असू शकतो. ही अळी पिठ्या ढेकूणच खाते आणि दिसतेही अगदी त्याच्यासारखी. हा भुंगा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८ साली मुद्दाम आणला गेला. तो दिसला तर फवारणी थांबवा.

आमच्या दोन कुंड्यांपैकी एक सावरली. दुसरीतल्या दोन खोडांचे शेंडेच गेले. पामचं खोड शेंड्यातूनच वाढतं, तो गेला की त्या खोडाला नवं पान येत नाही. ती दोन खोडं बुंध्यापाशी कापली. उरलेल्या खोडांना जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तीन नवी पानं आली होती. सुट्टीत दोन्ही कुंड्या माझ्या घरी होत्या, आणि शाळेत परत नेण्याआधी पांढऱ्या कागदावर टिचक्या मारून पाहिलं. कागद कोरा होता.